गाडी होती, जागा नव्हती

मिलोयका राझिंगर माझ्या खालच्याच मजल्यावर राहते. अडतीस वर्षं तिनं ऑस्ट्रियाच्या सरहद्दीलगतच्या आमच्या येसेनित्सेत टपाल वाटलं. आधी पायी, मग सायकलवर आणि शेवटची बारा वर्षं पिवळ्या स्कूटरवर. मी पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. त्यामुळे गावातली माणसं मला वरून ठाऊक आणि तिला दारातून. दोघी निवृत्त झालो तेव्हापासून सकाळची कॉफी एकत्र, एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे.

वेळेच्या बाबतीत ही बाई भयंकर. सव्वानऊ म्हणजे सव्वानऊ. बर्फ गुडघ्यापर्यंत साचलेलं असो, वरच्या वस्तीतल्या म्हातारीचं पेन्शन त्याच दिवशी पोचायचं. उशीर झाला असं कुणी म्हटलं की ती फक्त एवढंच विचारायची, “निघालात कधी?”

तिनं लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मिलोयका एकतीस वर्षांची होती, आणि आई गेली तेव्हा बेचाळीसची. मधली सगळी वर्षं सकाळी टपाल आणि दुपारनंतर आई. एक थोरला भाऊ होता, त्सिरिल. तो तेविसाव्या वर्षीच फ्रान्सला गेला आणि दक्षिणेत समुद्रकाठच्या सेत नावाच्या गावात वेल्डर म्हणून लागला. मासेमारीच्या बोटी दुरुस्त करायचा. पैसे पाठवायचा, उन्हाळ्यात यायचा, आईला हसवायचा आणि जायचा. मिलोयका म्हणायची, “हसवायला काय लागतं! कूस बदलायला माणूस लागतं.”

आई गेली १९९३च्या ऑगस्टमध्ये, एका बुधवारी. त्याच संध्याकाळी त्सिरिलला फोन केला. दफन शनिवारी अकराला ठरलं. शनिवारी अकराला सगळे होते, तो नव्हता. रविवारी दुपारी जिन्यात पावलं वाजली म्हणून मी दार उघडलं, तर हा खालच्या दारात उभा. चुरगळलेला काळा कोट, हातात फुलांचं चक्र. मिलोयकानं दार उघडलं आणि म्हणाली, “तुझ्यासाठी थांब म्हणून सांगितलं होतं आईला. तिला जमलं नाही.”

“मिलोयका, नीसला गाडीत चढूच दिलं नाही मला. तिकीट होतं माझ्याकडे. जागा नव्हती,” तो म्हणाला.

“तिकीट होतं आणि चढू दिलं नाही?” ती म्हणाली. “त्सिरिल, मी पन्नास वर्षांची म्हातारी नाही आणि पाच वर्षांची पोरही नाही. काहीतरी बरं सांग.”

तो कबरस्तानात गेला आणि तिथूनच त्या संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. त्यानंतर वीस वर्षं दोघांत फक्त नववर्षाची कार्डं. ती कार्डं मिलोयकाच स्वतःच्या पिशवीतून स्वतःच्या घरी आणायची.

ती निवृत्त झाली तेव्हा पोस्टातल्या लोकांनी वर्गणी काढून तिला युरोपभर फिरायचा रेल्वेपास दिला. महिन्याभरात कुठलेही पाच दिवस निवडायचे आणि त्या दिवशी हवं तेवढं फिरायचं. पासवर चौकोन छापलेले होते, प्रवासाच्या दिवशी पेनानं तारीख लिहायची. मिलोयकानं तो टेबलावर ठेवला आणि आठ दिवस त्याच्याकडे बघत कॉफी प्यायली.

“जा ना कुठंतरी,” मी म्हणायचे.

“कुठं जाऊ? मला ओळखतं कोण?”

मग मे महिन्यात पत्र आलं. तिच्या जागी आलेल्या बाईनं आणून दिलं, आणि दहा मिनिटं उशिरा आणलं हेही मिलोयकानं मला सांगितलं. अक्षर त्सिरिलचं. चारच ओळी होत्या: ‘आठ जूनला सत्तर पूर्ण होतायत. शनिवार आहे. दुपारी एकला आम्ही चौघं जेवायला बसू. आलीस तर पाचवं ताट मांडीन.’

तिनं पत्र घडी करून पुन्हा पाकिटात घातलं. “आता बघ फानिका, एकला म्हणजे एकला पोचून दाखवते. कळू दे त्याला, वेळेवर कसं येतात ते.”

मी म्हटलं, “अगं, वाढदिवसाला चाललीयस की भांडायला?”

“दोन्ही होईल. पाच दिवसांचा पास आहे.”

स्टेशनावर वेळापत्रक बघून तिनं स्वतःच सगळं ठरवलं. गुरुवारी निघायचं, स्ट्रासबुर्गला मुक्काम करायचा, शुक्रवारी सकाळी तिथून फ्रान्सच्या वेगवान गाडीनं थेट दक्षिणेला, संध्याकाळी सेतला. एक दिवस हाताशी राखून. त्सिरिललाही तसं दोन ओळींत कळवलं. आपल्याच देशात तो पास चालत नव्हता, म्हणून सरहद्दीपर्यंतचं तिकीट घ्यायला ती खिडकीवर गेली तेव्हा मी सोबत होते. खिडकीतल्या बाईनं विचारलं, “पुढच्या गाड्यांची रिझर्वेशनं करायची का? फ्रान्समध्ये लागतात.”

“पास आहे माझ्याकडे,” मिलोयका म्हणाली.

“पास आहे हो, पण जागा…”

“नसली जागा तर उभी राहीन. अडतीस वर्षं पायांवरच काढलीत.” बाहेर आल्यावर मला म्हणाली, “काहीतरी विकायला बघतातच ही माणसं.”

गुरुवारी सकाळी ती निघाली. पिशवीत एक कपड्यांचा जोड, नवे बूट आणि फडक्यात गुंडाळलेली आईच्या पद्धतीची पोतित्सा. पावाच्या गोड पिठात अक्रोड भरून गुंडाळायची, आमच्याकडे ती नसेल तर सण होत नाही. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं, एकदा नाही, दहादा.

बोगदा संपला, ऑस्ट्रिया सुरू झाला. तिनं पासवर सुवाच्य अक्षरात तारीख घातली आणि खिडकीजवळची रिकामी जागा पकडली. साल्झबुर्गपर्यंत राणीसारखी गेली. तिथं एक उंच म्हातारा गृहस्थ चढला, तिच्यासमोर थांबला आणि टोपी काढून म्हणाला, “माफ करा, ही माझी जागा आहे.”

मिलोयकाची जर्मन बरी आहे, आम्ही सगळेच पलीकडे फिलाखला खरेदीला जाऊन जाऊन शिकलोय. ती म्हणाली, “माझ्याकडे पास आहे.”

“असेल हो. पण वर बघा.”

डोक्यावर, सामानाच्या फळीखाली, कागदाची छोटी चिठ्ठी खोचलेली होती: साल्झबुर्ग ते आउग्सबुर्ग. तिनं ती पाहिलीच नव्हती. आयुष्यभर पत्ते वाचलेली बाई, आणि डोक्यावरचा पत्ता वाचला नाही! ती लाल झाली आणि उठली. तो म्हणाला, “अहो, शेजारच्या जागेवर चिठ्ठी नाही, बसा की. ती तुमचीच, थेट शेवटपर्यंत.”

त्याचं नाव त्सिर्नगिबल. चर्चमधले ऑर्गन सुरात लावून द्यायचा त्याचा धंदा, त्यासाठी गावोगाव फिरायचा. हातात कान झाकायची कानटोपी, जूनमध्येसुद्धा. त्यानं तिला नीट समजावलं. “हे बघा, पास म्हणजे गाडीतून जायची परवानगी. बसायची जागा ही वेगळी गोष्ट. आमच्याकडे आणि तुमच्या शेजारी ऑस्ट्रियात ती घेतलीच पाहिजे असं नाही. चिठ्ठी वाचायची. चिठ्ठीवरचं स्टेशन यायचंय तोवर बसा, आलं की उठा. चिठ्ठी नसेल तर निर्धास्त.”

“म्हणजे टपालाच्या खणांसारखं,” ती म्हणाली. “ज्याचं नाव त्याचा खण, बाकी मोकळे.”

“अगदी तसं. पण पुढं कुठं चाललात?”

“फ्रान्स. आज स्ट्रासबुर्ग, उद्या तिथून वेगवान गाडीनं.”

त्याचा चेहरा जरा बदलला. “जागा घेतलीय?”

“उभी राहीन.”

“नाही राहू देणार हो,” तो हळूच म्हणाला. “तिकडं चिठ्ठीवर भागत नाही. जागा नाही तर गाडीच नाही. आज संध्याकाळीसुद्धा स्ट्रासबुर्गला फ्रेंच वेगवान गाडीनं जाऊ नका. ऑफेनबुर्गला उतरा आणि तिथून लोकल धरा. तिला काही लागत नाही.”

तिनं लोकलचं ऐकलं. उद्याचं मात्र डोक्यात घेतलं नाही. मला म्हणाली, “मला वाटलं, ऑर्गनवाला माणूस, घाबरट असणार.”

शुक्रवारी सकाळी सातला ती स्ट्रासबुर्गच्या तिकीटखिडकीवर उभी होती. खिडकीत व्हेंडलिंग नावाचा पन्नाशीचा कारकून होता. त्या भागातले जुने लोक जर्मन बोलतात, तसा हाही बोलायचा. तिनं पास पुढं सरकवला आणि आजच्या गाडीला जागा मागितली. त्यानं यंत्रात पाहिलं.

“नाही मादाम. आज नाही.”

“गाडी भरली?”

“नाही, गाडीत जागा आहेत.”

“मग द्या ना एक.”

“पासवाल्यांच्या नाहीत. प्रत्येक गाडीत पासवाल्यांसाठी थोड्याच जागा ठेवलेल्या असतात. त्या गेल्या. उद्याच्याही गेल्या.”

“पण रिकाम्या आहेत म्हणालात ना तुम्ही?”

“आहेत.”

“आणि मी इथं आहे.”

“आहात.”

“आणि पास आहे.”

“तोही आहे, मादाम. पूर्ण किमतीचं तिकीट काढलंत तर आत्ता जागा देतो.” त्यानं किंमत सांगितली. ती ऐकून ती एक पाऊल मागंच सरली. तिच्याजवळचे पैसे मुक्कामाला आणि परतीला लागणार होते.

“बरं, मग मी उभी राहीन. दाराजवळ. कुणाला त्रास होणार नाही.”

व्हेंडलिंगनं मान हलवली. “ह्या गाड्यांना तसं चालत नाही. दारातच विचारतात. पास असो, तिकीट असो, जागेचा नंबर हातात नसेल तर चढता येत नाही.”

मिलोयका सांगते, ते वाक्य ऐकलं आणि तिचे हात खिडकीच्या कट्ट्यावरच राहिले. मागं रांग होती. कुणीतरी खाकरलं. तिनं विचारलं, “हे… हे नवीन आहे का? म्हणजे वीस वर्षांपूर्वी असं होतं?”

“वेगवान गाड्यांना तेव्हाही होतंच. आणि रात्रीच्या गाड्यांना तर विचारूच नका. बिछाना किंवा जागा घेतली नसेल तर तिकीट असूनही खाली ठेवायचे. ऑगस्टमध्ये तर निम्मा फलाट तसाच उभा असायचा.” त्यानं तिच्याकडं पाहिलं. “का हो?”

“काही नाही,” ती म्हणाली, आणि बाजूला होऊन बाकावर जाऊन बसली.

किती वेळ बसली ते तिला सांगता येत नाही, आणि ज्या बाईला मिनिटाचा हिशेब असतो तिला सांगता येत नाही म्हणजे बघा. तिला तो चुरगळलेला कोट दिसत होता. नीसला गाडीत चढूच दिलं नाही मला. हेच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द, आज काचेपलीकडून तिला कुणीतरी ऐकवलं होतं. मला ती म्हणाली, “फानिका, मी वीस वर्षं त्याला खोटारडा समजले. आणि तो बरोबर पत्ता लिहिलेलं पत्र होता. मीच परत धाडलं.”

रांग संपल्यावर व्हेंडलिंग स्वतः खिडकीतून बाहेर आला. हातात एक कोरा कागद. “मादाम, पोचायचं कधीपर्यंत आहे?”

“उद्या दुपारी एकला. सेतला.”

“मग पोचाल. फक्त वेगवान गाडी विसरा. साध्या गाड्यांना रिझर्वेशन नसतंच. कुणी मागणार नाही, कुणी उठवणार नाही.” त्यानं कागदावर एकाखाली एक गावं लिहिली: बेलफोर, बेझाँसों, लिओं. तिथं मुक्काम. मग आविन्यों आणि सेत. प्रत्येकाच्या पुढं सुटायची वेळ. “आणि वेळापत्रकात गाडीच्या नावाशेजारी चौकटीत ‘R’ दिसला तर समजा जागा घ्यावी लागते. तो नसेल तर चढा. परतीची जागा मात्र सेतला पोचल्या पोचल्या मागा, जायच्या दिवशी नाही.”

“आधी मागायला हवी होती,” ती म्हणाली.

“सगळे असंच म्हणतात. ह्याच बाकावर बसून.”

त्या दिवशी ती दिवसभर साध्या गाड्यांतून गेली. बेलफोरला वीस मिनिटं मिळाली, त्यात तिनं उभ्या उभ्या सूप प्यायलं. बेझाँसोंनंतर गाडी विद्यार्थ्यांनी भरली, तेव्हा सायकली टांगायच्या जागेजवळच्या घडीच्या बाकावर बसली. पायात नवे बूट, ते काढून ठेवले. खिडकीतून नदी दिसायची, गायी दिसायच्या, छोटी स्टेशनं यायची. दर स्टेशनावर कुणीतरी कुणाला तरी घ्यायला आलेलं असायचं. प्रत्येक गाडीत चढताना ती आधी डोक्यावर बघायची, चिठ्ठी आहे का. नसायची.

लिओंला संध्याकाळी उतरली, स्टेशनासमोरच्या एका साध्या हॉटेलात खोली घेतली आणि खालच्या फोनवरून त्सिरिलला फोन लावला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

“कुठं आहेस?” त्यानं विचारलं. “तू थेट गाडीनं येणार असं लिहिलं होतंस ना? मी आज संध्याकाळी स्टेशनावर जाऊन उभा राहिलो.”

“लिओंला आहे. उद्या येते. मला जागा मिळाली नाही.”

पलीकडून काहीच आवाज नाही. तिला वाटलं फोन तुटला.

“त्सिरिल?”

“काय म्हणालीस?”

“गाडी होती. पास होता. जागा नव्हती. चढू दिलं नाही मला.”

तो म्हणाला, “जेवलीस का?”

“अजून नाही.”

“आधी जेव. उद्या मी येतो घ्यायला.” आणि त्यानं फोन ठेवला.

शनिवारी सव्वाबाराला ती सेतला उतरली. त्सिरिल फलाटावर होता. पातळ झालेले केस, उन्हानं काळवंडलेला, पांढरा इस्त्रीचा शर्ट. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली. त्यानं तिची पिशवी घेतली आणि हुंगली. “पोतित्सा?”

“तुझ्यासाठी नाही, पाहुण्यांसाठी.”

“पाहुण्यांना आंबवलेल्या पिठाचं कळतं काय!”

कालव्याकाठानं घराकडं चालताना ती थांबली. नौका बांधायच्या लोखंडी खुंटाला हात लावून म्हणाली, “आईच्या वेळी तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. तू खरं बोलत होतास.”

त्सिरिल पाण्याकडं बघत राहिला. “खरं बोललो, पण सगळं नाही बोललो.”

“म्हणजे?”

“तुझा फोन आला बुधवारी. जागा गुरुवारी सकाळीच घेता आली असती. पण एका बोटीचं काम अर्धं होतं, मालक मागं लागला होता. मी कामावर गेलो. म्हटलं, तिकीट आहे ना, नसली जागा तर उभा राहीन. शुक्रवारी नीसला रात्रीची गाडी धरायला गेलो, तर फलाटावर तपासनिसानं दारात हात आडवा धरला. मी रडलो, पाया पडलो. तो म्हणाला, तुमच्यासारखे अजून चाळीस जण आहेत. गाडी सुटली तेव्हा डब्याच्या बोळात रिकामी जागा दिसत होती मला, काचेतून.” त्यानं नाक पुसलं. “तू म्हणालीस, काहीतरी बरं सांग. बरं काय सांगणार? चूक माझीच होती, आणि तरी मी खोटं बोलत नव्हतो. दोन्ही एकदम कसं सांगायचं ते मला कळलं नाही.”

मिलोयका मला म्हणाली, त्या क्षणी रागवायचं ठरवलं असतं तर रागावता आलं असतं. बोटीसाठी आईला उशीर केला म्हणून. पण आदल्या दिवशीचा तो बाक अजून अंगात होता. खिडकीवरच्या बाईनं तिलाही तर आधीच विचारलं होतं, आणि तिनंही हेच उत्तर दिलं होतं.

“कबरस्तानात किती वेळ होतास त्या दिवशी?” तिनं विचारलं.

“तीन तास. मग तिथल्या माणसानं फाटक लावायचंय म्हणून सांगितलं.”

“वर यायचंस की घरी.”

“तुझं तोंड बघितलं होतं ना दारात.”

“माझं तोंड तसंच आहे.”

“ते दिसतंय,” तो म्हणाला, आणि तिला हसू आलं. मग तिथंच, कालव्याकाठी, माणसं येत-जात असताना, ती रडली. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, ती थांबेपर्यंत.

एकला पाचवं ताट मांडलेलं होतं. पाहुणे म्हणजे त्याचे बोटींवरचे जुने सोबती. त्याची बायको सहा वर्षांपूर्वीच गेली होती, हे मिलोयकाला नववर्षाच्या एका कार्डावरून कळलं होतं आणि तिनं उत्तरात दोनच शब्द लिहिले होते. आता ती त्या बाईच्या स्वयंपाकघरात उभी राहून, तिच्याच सुरीनं पोतित्सा कापत होती. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती. पण ऑक्टोपस भरलेला तिखट पाव तिच्या ताटात कुणी ना कुणी वाढतच राहिलं, आणि अक्रोडाचा शेवटचा तुकडा कुणी खायचा यावरून म्हातारे भांडले.

ती तीन दिवसांसाठी गेली होती, अकरा दिवस राहिली. सोमवारी सकाळीच भाऊबहीण स्टेशनावर गेले आणि परतीची जागा मागितली. ह्या खेपेला पासवाल्यांची एक शिल्लक होती, खिडकीची. तिनं तो कागद पासला टाचणीनं जोडला आणि रोज तपासला.

आता आमच्या इमारतीत कुणी प्रवासाला निघालं की मिलोयकाला गाठतं. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं स्पेनला चाललं होतं. तिनं त्यांना कॉफी पाजली आणि तासभर सोडलं नाही. “पास दाखवा. हं. आणि जागा? जागा कुठाय? पास आहे म्हणू नका मला. रात्रीची गाडी आहे? मग आज दुपारीच खिडकीवर जा, उद्या नाही. आणि नाहीच मिळाली तर रडू नका, साध्या गाडीनं जा. दिवस जातो, पण पोचता.” ते बिचारे निघाले तेव्हा नवरा जिन्यात बायकोला म्हणत होता, “ही पोस्टात होती की रेल्वेत?”

त्सिरिल आता दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. मेलेल्यांची आठवण करायच्या दिवशी कबरस्तानात मेणबत्त्या लावतो, मग दहाएक दिवस बहिणीकडं राहतो. पहिल्या वर्षी पातळ सपाता घालून आला आणि दुसऱ्याच दिवशी बर्फ पडलं. मी माझ्या नवऱ्याचे जुने लोकरी अस्तराचे बूट काढून दिले. त्याला अगदी मापाचे बसले. जाताना तो धुऊनपुसून परत करतो आणि मी ते दाराच्या मागं ठेवते. खालच्या मजल्यावरून रोज सकाळी दोघांचा आवाज येतो. न्याहारीला मक्याची उकड करताना पीठ पाण्यात कधी सोडायचं यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.